हालचाल नाही

गाव माझं दिवा. ऐरोलीतलं, खाडीकाठचं.
कामाला लागलो तेव्हा कुरूप मॅडम हसल्या होत्या,
दिव्याचा माणूस दिव्यांच्याच कामाला.
मीही हसलो. नोकरी नवी होती.

या इमारतीत चार हजार दोनशे अकरा दिवे
आणि एकालाही बटण नाही.
प्रत्येकाला पत्ता आहे: मजला, झोन, क्रमांक.
आमच्या आळीत अर्ध्या घरांना अजून तो नाही,
पोस्टमन हाका मारत येतो.

छतात दर आठ पावलांवर एक पांढरा डोळा,
बोराएवढा.
खाली कुणी हललं की तो शेजाऱ्याला सांगतो,
शेजारी पुढच्याला, पुढचा तळघरातल्या पेटीला,
आणि पेटी माझ्या टॅबवर पिवळा चौकोन उमटवते.
पंधरा मिनिटं कुणी हललं नाही
की चौकोन राखाडी.
बस्स. माणसाबद्दल त्याला एवढंच कळतं.

नोव्हेंबरात मॅडमनी रिपोर्ट पुढे सरकवला.
नववा मजला, झोन सात. तीन रात्री सलग पिवळा.
"ओव्हरटाइम कुणाचाच नाही. मग बसतं कोण?
आणि हो, ती पंधरा मिनिटं पाचवर आणता येतील का, बघ."

पावणेदोनला वर गेलो.
झोन सात लख्ख. खुर्च्या रिकाम्या.
कुणाच्या तरी निरोपसमारंभातला एक चंदेरी फुगा,
अर्धी हवा गेलेला, ना छताला ना जमिनीला,
एसीच्या झोतात येरझारा घालत होता
बढतीची वाट पाहणाऱ्यासारखा.
तीन रात्री इमारत त्याला माणूस समजून
उजेड पुरवत होती.

दोरा धरला. मुकाट आला.
तेवढ्यात पलीकडच्या काळोखातून:
"टॉर्च खाली कर रे."

टॅबवर झोन आठ राखाडी. हालचाल नाही.
खिडकीशी, उलट्या बादलीवर,
हाउसकीपिंगच्या मंजुळाबाई गोतारणे,
हात मांडीवर, मॉप भिंतीला.
मी दोन पावलं पुढे टाकली आणि सगळं पेटलं.
बाई रागावल्या नाहीत. डोळे तेवढे मिटले.

"सहा मजले पुसले की डोळे चुरचुरतात.
हललं की पेटतं हे. म्हणून हलत नाही."
"जमतं?"
"आधी नाय जमायचं. नाक खाजवलं तरी पेटायचा मेला.
आता ओळख झाली. श्वास घेतलेला चालतो त्याला."

फुगा पिशवीत कोंबला. खाली बसलो.
हे सगळं जाळं मीच बसवलेलं,
पण त्याच्यासमोर गप्प असा कधी बसलो नव्हतो.
चौथ्या मिनिटाला मान अवघडली.
सातव्याला मुंगी चढली पायावर, की भास.
मग कितवं ते राहिलंच.
आधी अर्धा झाला उजेड, जरा थांबला,
जणू खात्री करून घेतोय,
आणि गेला.

काचेतली आमची तोंडं विझली
तशी काचेपलीकडे खाडी आली.
ओहोटी होती. चिखलात एकच बत्ती,
चिंबोऱ्या धुंडाळणाऱ्या कुणाची तरी.
तो वाकला की ती वाकायची,
तो थांबला की ती त्याच्यापाशी थांबायची,
विझायची नाही.
आमच्यातलाच असणार. चालीवरून
काका वाटला, पण काका आता जात नाही.

सकाळी रिपोर्टात लिहिलं:
झोन सात, फुगा. काढला.
झोन आठच्या रकान्यात सिस्टमनं आधीच लिहिलं होतं
कोणी नाही. मी खोडलं नाही.

पाच मिनिटांचं मॅडमनी पुन्हा विचारलं.
एरवी मी चार कारणं दिली असती,
लोक तक्रार करतात, टाइप करतानाही अंधार होतो.
म्हटलं, झोन आठपासून सुरू करतो.

रात्री बाईंना जिन्यात गाठलं.
"आता पाचच मिनिटं," म्हणालो,
"नाक काय खाजवायचं ते आधीच खाजवून घ्या."