काडी

उकेरेवे बेटावरचा दवाखाना आठला उघडतो.
मोबाईल मात्र कधी मिटतच नाही.

काबुला आली तेव्हा डावा दंड
उजव्या हाताने घट्ट धरून होती,
आतून काही निसटेल अशी.
"काढून टाका सिस्टर. ती हृदयाकडे निघालीय."

मग मला व्हिडिओ दाखवला.
दार-एस-सलामची कुणी मुलगी,
बुबुळांत गोल दिव्याचे दोन चंद्र,
लांब नखं, मधाळ स्वाहिली.
काडी रक्तातून वाहत जाते म्हणाली.
त्यापेक्षा पपईच्या बिया चावा म्हणाली,
आणि नखाने खाली दाखवलं:
बियांची पुडी, घरपोच.
चार लाख जणींनी पाहिलं होतं.
माझ्या बाकावर त्या दिवशी सहा.

मी काबुलाची बोटं घेतली,
दंडाच्या आतल्या बाजूला टेकवली.
चाचपून बघ.
ही एक. ही दुसरी.
अकरा महिन्यांपूर्वी मीच बसवल्या,
होत्या तिथेच आहेत.
काखेपाशी उत्तर, आणि वळसा जगभर.

ती हसली नाही.
"आणि पाळी? वेडीवाकडी होते म्हणाली ती.
माझी सतरा दिवस चालली.
हेही खोटंच का?"

नाही.
ते खोटं नव्हतं.
भिंतीवरच्या पोस्टरमधली बाई नुसती हसते,
तिच्या हसण्यात सतरा दिवस नाहीत.
आणि त्या सकाळी रांग पार दारापर्यंत,
मी घाईत म्हटलं होतं, "काही होत नाही गं."
तेवढ्याच फटीतून शिरली ती मुलगी,
एक खरं पुढे धरून,
मागे पुडीभर थापा.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात.
काडीचीच भीती घातली
तर बुडत्याने धरायचं काय?

मी खुर्ची ओढली. बसले.
सगळं सांगितलं, अकरा महिने उशिरा:
रक्ताचं, डोकेदुखीचं,
कुणाचं हळूहळू बसतं, कुणाचं नाही बसत,
आणि काढायला फार वेळ लागत नाही, तेही.
बाकावरच्या पाच जणी ऐकत होत्या,
ऐकत नसल्यासारख्या.
ठेव म्हटलं नाही. दंड तिचा.

"उद्या सांगते," म्हणाली.
वाळत घातलेल्या बारीक चंदेरी मासळीच्या कडेने
ती तळ्याकडे उतरली,
मोबाईल पिशवीत,
बोटं अजून दंडावर,
एक,
दोन,
पुन्हा एक.