मागचा माल

नवनाथ गाडी लावतो सासवड रोडच्या आमच्या शेडमध्ये,
चाकाला दगड, चावी माझ्या टेबलावर.
मी वही उघडते.
मागचा माल?
पामतेल. उरणहून.
त्याआधी?
ग्लुकोज सिरप.
त्याच्याआधी?
तो टोपी काढून डोकं खाजवतो.
मागचे तीन सांगितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही,
तांबोळीसाहेबांचा नियम.
सोयरीक जुळवताना पण एवढं विचारत नाहीत, म्हणतो नवनाथ.
मी म्हणते, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शिडी चढून झाकण उचललं
की आतला अंधार आधी नाकाला भेटतो.
पामतेल जाडसर, विझल्या मेणबत्तीसारखं.
सिरपला वास नाही, ते बोटांना कळतं.
दूध दोन प्रकारचं :
एक सकाळचं,
एक कुठल्यातरी गास्केटखाली आठ दिवस लपून बसलेलं.

तेलाला आधी कढत पाणी, दुधाला आधी कोमट.
उलटं केलं तर दूध शिजतं आणि भिंतीला धरतं,
मग खरवडत बसा.
हे मला कुणी शिकवलं नाही,
दूध उतू गेलेलं पातेलं घासणारीला
शिकवायचं काय त्यात.

मग कॉस्टिक. आत गोळा गरागरा फिरतो,
पत्र्याला कान लावला तर
पोटातल्या पोटात कुणी भांडतंय असं.
शेवटच्या पाण्यात बाटलीतले दोन थेंब :
गुलाबी झालं तर कॉस्टिक अजून आत आहे,
परत धुवा.
पोरीनं दिवाळीला गुलाबी ड्रेस मागितला,
तोंडातून निघून गेलं, निळा घे.

कोपऱ्यात गोळ्याचं पाणी पोचत नाही, तिथं मी.
ब्लोअर लावून, हवा तपासून,
कमरेला दोर, दोराचं टोक हौसाच्या हातात.
हौसा वरून विचारत राहते, आहेस का?
आहे.
आहेस का गं?
माझा आवाज चार वेळा आहे म्हणतो.
स्टीलमध्ये माझं तोंड हातभर लांब,
पांढरं फडकं फिरवते, फडकं पांढरंच येतं,
तेव्हा वर.

सील. नंबर. सही.
धुतला, वाळवला, वास नाही.
तांबोळीसाहेब तरी एकदा डोकं आत घालतात,
कागदापेक्षा नाक जुनं, म्हणतात.

संध्याकाळी फुरसुंगीला उतरते.
वारा डेपोकडून असला की कळतं, घर आलं.
बोअरला जे येतं त्यानं आम्ही फरशीसुद्धा पुसत नाही.
गुरुवारी पाण्याचा टँकर.
हिरवा, पोटाला गंजाचे चट्टे,
झाकणाच्या जागी पोतं, सुतळीनं बांधलेलं.
पाईप धरून एक पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं.
मी ड्रम पुढे सरकवला आणि विचारून गेले,
मागचा माल?
काय?
याच्या आधी काय भरलं होतं यात?
पाणीच की, मावशी. पाण्याच्या टँकरात दुसरं काय?
त्याआधी?
मागून पारूबाई ओरडली,
चौकशी नंतर कर, ड्रम भर आधी.
भरला.

घरी येऊन पिशवीतली बाटली काढली.
(तळाला थोडं उरलं होतं, साहेबांना विचारूनच आणलेली.)
वाटीभर पाणी, दोन थेंब.
पोरगी ओट्याला हनुवटी टेकून बघत होती.
झालं का गुलाबी?
नाही.
मग चांगलंय?

ती बाटली एवढंच ओळखते, कॉस्टिक.
बाकी कशाबद्दल तिला विचारायची सोय नाही.
वाटी मोरीत ओतली.
ड्रमच्या तोंडाला फडकं बांधलं, दोनपदरी,
आणि मोठं पातेलं गॅसवर चढवलं.