केसपेपर

घणसोली, सेक्टर सात. खाली दूध डेअरी, वर मी.
नूतनने पेन्सिलीने लिहिलंय: हथुराम मढवी, वय एकसष्ट.
असं नाव नसतं गं, मी म्हणते.
तेच बोलले, ती म्हणते, तीनदा विचारलं.

वरचे पुढचे चार दात
निम्म्यावर आलेले, कडा आरपार,
मोरीत विसरलेल्या साबणाच्या वडीसारख्या.
लिंबू फार? सोडा? पित्त?
तिन्हीला मान आडवी,
आणि खिडकीबाहेर बोट, रबाळ्याच्या दिशेने.
गॅल्व्हनायझिंग. ॲसिडची टाकी. सव्वीस वर्षं.
नाक कायम चोंदलेलं, म्हणून तोंडाने श्वास.

आणि मी आता त्याच दातांना
ॲसिड लावणार आहे.

सांगायला हवं, म्हणून सांगते:
ही निळी जेल, वीस सेकंद फक्त.
गुळगुळीत दाताला काही चिकटत नाही, काका.
ते हसतात. हसताना हात आपोआप ओठांवर.
"पत्र्याचा पन तेच, डॉक्टर.
आधी ॲथिडान बुडवाचा, मंग जथ्त धरतं.
नायतर पापुद्रा निंगतं."

अठरा. एकोणीस. वीस.
पाण्याची धार, सक्शनची घरघर, मग वारा.
निळं वाहून जातं, खाली उरतं
खडूसारखं पांढरं, चमक मेलेलं.
मला हे पांढरं आवडतं.
आवडेल असं कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.
डोळ्याला न दिसणारी बिळं,
एका केसाच्या जाडीत डझनभर मावतील एवढी,
रेझिन त्यांत उतरणार, आत घट्ट होणार.

आता बोलायचं नाही. जीभ मागे.
थुंकीचा एक थेंब, की सगळं पहिल्यापासून.

नेमकं तेव्हाच त्यांना आठवतं:
"आमची टाकी या खोलीएवरी..."
नूतन कपाळाला हात लावते, ग्लोव्हसकट.

पुन्हा जेल.
या खेपेला ते स्वतःच बोटांवर मोजतात
आणि माझ्या आधी एक सेकंद हात वर करतात.
तिकडे कोण मोजायचं?
विचारत नाही मी. त्यांच्या तोंडात कापूस आहे.

नारिंगी चष्मा, निळा उजेड, थरावर थर.
रंग मी तंबाखू आणि चहा धरूनच निवडलाय,
अगदी पांढरे केले तर घरचे ओळखणार नाहीत.

आरसा देते. चेहरा ते बघतच नाहीत.
नखाने दातावर टिचकी मारतात,
मान कलती करून ऐकतात, पत्रा तपासल्यासारखं.
"किती टिकंल?"
पाच-सात वर्षं. कमीही.
बरं, अशी मान.

मग दारातून परत येऊन
नूतनच्या टेबलावर वाकतात.
"हस्सुराम,"
जरा जास्तच स, शिट्टी मिसळलेला.
"ह, मंग स. लिव."

ती खोडते. खोडरबराने इतकं घासते
की कागदाला लव येते.
त्यावर पेनाची शाई थोडी फुटते,
आणि बसते.