टेप

नवरात्र तोंडावर. दांडिया बाजारातलं दुकान
तासभर बंद ठेवून शाळेत गेले.
कोकिलाबेननी वही उघडली. अपूर्णांक.
पानभर लाल.
"घरी करतो काय हा हेरंब?"

करतो काय.
चणियाचा घेर मोजतो, सव्वापाच मीटर,
पाव इंच शिलाईला सोडतो,
पाऊण मीटर अस्तर नजरेनं सांगतो.
हे मी सांगितलं अर्धं गुजरातीत,
उरलेलं आमच्या मराठीत.

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.
"टेप आहे?"
गळ्यातच होती, काढायची राहिलेली.

सोमवारी ती फळ्याच्या खिळ्याला लटकली.
मला दुसरी घ्यावी लागली.

आता रात्री हुक लावायला बसला की
मीच विचारते,
एक तृतीयांश कुठे येतो रे?
टेपवर तशी खूणच नाही.