पत्र्याचे आकडे

एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
नवरा माझ्या शेजारी बसून बेसबॉल बघतोय.
एप्रिल आहे, नदीवरून वारा कापत येतोय,
मांडीवर घोंगडी, घोंगडीवर थर्मास,
आणि व्हर्लिन खुर्चीत अवघडून टेकलाय,
दाताच्या डॉक्टरकडे बसतात तसा.

जुनं मैदान ओळखू येत नाही.
लाकडी बाकं गेली, त्यांचे तुकडे करून
पंचवीस डॉलरला एक असे विकले म्हणे.
आता हिरव्या घडीच्या खुर्च्या, प्रत्येकीला पेल्यापुरता खळगा.
शेंगदाणेवाल्या ओडेलनं माझी नाणी घेतली नाहीत.
"फक्त कार्ड, आर्डिथ," ओशाळून म्हणाला,
आणि पुडी तशीच माझ्या हातात कोंबली.

डाव्या कुंपणापलीकडे
जिथं व्हर्लिनचा लाकडी फळा होता
तिथं तिमजली घराएवढा पडदा.
त्यावर खेळाडू हसतात, त्यांच्या पापण्या लवतात,
मध्येच ट्रॅक्टरची जाहिरात, मध्येच
कॅमेऱ्यात सापडलेलं एखादं लाजरं जोडपं.
आकडे कोपऱ्यात, बारीक.
ते कोणी टांगत नाही. ते होतात.

तो त्या फळ्याच्या पोटात उभा असायचा,
शिडीवर, हेरन्सच्या प्रत्येक घरच्या सामन्याला.
पत्र्याचे आकडे, पांढरे;
शून्यांचे पोपडे सगळ्यात आधी उडायचे,
आमच्या संघाला तीच जास्त लागायची.
इनिंग संपली की एक चौकोनी भोक उघडायचं,
कोपरापर्यंत हात बाहेर यायचा, आकडा अडकवायचा,
आणि आत जाण्याआधी
दोनदा हलायचा.

तो माझ्यासाठी होता.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला कशाला हवं?
मीही हलवायचे. पोर पोटात असताना हलवला,
पोर मांडीवर असताना तिचा चिमुकला हात धरून हलवला,
आई गेली त्या आठवड्यात नुसतीच बसून राहिले
आणि रात्रभर मनाला लागून राहिलं.

आज तिसऱ्या इनिंगनंतर
माझा हात आपोआप वर गेला.
"कोणाला?" व्हर्लिननं विचारलं.
"तुला," मी म्हणाले. "तू करायचास ना."
तो विचारात पडला. इतका
की एक झेल सुटला, लोक ओरडले, याला पत्ता नाही.
"गांधीलमाश्या असायच्या," शेवटी म्हणाला.
"भोकाच्या वरच पोळं होतं. हाकलायचो."
मग जरा थांबून, सरकारी चौकशीत उत्तर द्यावं तसं:
"तिथून तुमची बाजू दिसायचीच नाही.
पिचरची पाठ तेवढी. आणि बॅटरचा अर्धा चेहरा."

मी हसले.
थर्मासचं झाकण निसटून पुढच्या रांगेत गेलं
इतकी हसले, डोळे पुसावे लागले,
आणि पुसता पुसता ते हसणं राहिलं नाही.
तो घाबरला. सूपचा पेला माझ्यापुढे धरला.
त्याच्या मनगटावर एक जुना गोल वण आहे.
डंखाचा असेल. मी कधी विचारलं नव्हतं.

सातव्या इनिंगच्या मध्यात सगळे उठून अंग मोकळं करतात,
हे त्याला माहीतच नव्हतं.
तेवढ्या वेळात तो आत कॉफीच्या डब्यात लघवी उरकायचा.
हेही आजच कळलं, मला आणि मागच्यापुढच्या दोन रांगांना.
मग तोही उठला, गुडघे करकरले,
आणि मैदानाकडे पाठ करून
आमच्याकडे बघत राहिला:
चढत गेलेल्या टोप्या, घोंगड्या, लाल नाकं,
बापाच्या खांद्यावर झोपलेलं एक पोर, गालाला मस्टर्ड.
"एवढी माणसं असायची?"
"एवढी नाही," मी म्हणाले. "आज पहिला सामना आहे."

गाडीपाशी, खिशात किल्ल्या चाचपताना,
त्यानं विचारलं, "स्कोअर काय झाला?"
हा प्रश्न त्यानं जन्मात कोणाला विचारला नसेल.
"चार-तीन," मी म्हणाले.
चार कोणाचे, ते मला आठवेना.
त्यानंही विचारलं नाही.