चारशे नंबर

नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
त्यामुळे शॉवर कधी चाललाच नाही.
ट्रे मात्र झिजला.

बारा वर्षं बादली ओढली त्यावर,
वज्री आपटली,
एकदा ॲसिड सांडलं, तिथली चकाकी गेली;
हात फिरवला की लागतं
मांजराच्या जिभेसारखं.

इरण्णा म्हणाला, नवाच बसवा वहिनी.
मी म्हटलं, पुट्टी किती लागेल ते सांग.

पॉलिश पेपर आणला, चारशे नंबर, मग हजार.
दुपारभर उकिडवी बसून घासलं.
पिवळेपणा निघाला, ओरखडे बुजले.
पण कोपऱ्यातल्या केसाएवढ्या भेगा
घासाव्या तेवढ्या उठून दिसायला लागल्या.
मरून.

सासरे चादरींच्या कारखान्यात, रंगखात्यात.
साखर पेठेतून सायकलवर यायचे
ते थेट न्हाणीत.
टाचांच्या भेगांतला रंग
ह्या भेगांत उतरला असणार.
गेले तेव्हा शेवटची आंघोळ इथेच घातली.
पाणी तेव्हाही जरासं रंगलं,
की मलाच तसं वाटलं.

इरण्णाने पुट्टी कालवली. रंग जुळेना,
डब्यावर पांढरा, ट्रे ताकासारखा.
कोपरा भरू का? म्हणाला,
चोवीस तास थेंब लागता कामा नये.

खाली गड्डमबाईंच्या छताला ओल आलीय.
भर, म्हटलं.

त्यानं अंगठ्यानं दाबून भरलं
आणि अंगठा माझ्या चांगल्या टॉवेलला पुसला.

पहाटे तीनला नळ आला.
हंडे, पिंप, कळशा, पातेलीसुद्धा भरली.
आंघोळ कुणीच केली नाही.