आठवड्यातून तीनदा

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या.
पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या,
"आयलिफ, मासे खात जा.
आठवड्यातून तीनदा."

मी हसलो, आणि छातीत कळ आली,
जिथं त्यांनी मागच्याच महिन्यात
तारेची बारीक जाळी बसवलीय.
जाळ्यांतच जन्म गेला माझा, बाई.
बेचाळीस हिवाळे व्हेस्टरोलेनच्या पाण्यात कॉड ओढला,
अंगठ्यावर दोरीचा वळ अजून आहे.
आणि घरी येऊन खाल्लं काय?
सॉसेज. गोठवलेला पिझ्झा. लोण्यातले बटाटे.
मासा म्हणजे पैसा.
पैसा कुणी खातं का?

आसलॉग होती तेव्हा जानेवारीत
एकदा तरी मोठं पातेलं चढायचं:
मासा, गाभोळी,
आणि कांदा घालून हलकं शिजवलेलं काळीज.
नोव्हेंबरअखेर गेलेला सूर्य
निम्मा जानेवारी सरला तरी यायचा नाही.
"तोवर यावर भागवा," म्हणायची,
आणि पोरांना रांगेत उभं करून
एकेक चमचा तेल. नाकं दाबून.
धाकटा ओत्तार होडीखाली लपायचा.
तिथूनही ती त्याला ओढून काढायची, पायाला धरून.
ते पाय आज सरळ आहेत.
माझी मावशी डोंगरापलीकडच्या दरीत वाढली,
मासा न मिळता.
फेंगडी चालायची, मरेपर्यंत.

आसलॉग गेली. पातेलं तळघरात ठेवलं.

बाईंनी कागद दिला. त्यावर ओमेगा,
आयोडीन, ड जीवनसत्त्व, रक्तातली चरबी,
आणि तळाशी एक हसरा मासा.
हसरा कॉड मी तरी पाहिलेला नाही.
कागद फ्रिजवर लावला.
दोन आठवडे तो तिथंच होता,
मीही जिथल्या तिथं.

मग खालच्या मजल्यावरची उझोआमाका
कचऱ्याची पिशवी न्यायला वर आली.
दिवसभर कारखान्यात मासे कापते,
केसांना खारा वास.
कागद वाचत उभी राहिली.
"तीनदाच?" म्हणाली.

ती ओवेरीची, नायजेरियातली.
तिथल्या बाजारात आमचा वाळवलेला कॉड
करवतीनं कापून विकतात,
बायका दगडासारखा वाजवून घेतात.
ओकपोरोको म्हणतात त्याला:
पातेल्यात खडखडतो तो.
"आईच्या पोटात होते तेव्हापासून खातेय."

जन्म त्र्याण्णवचा, म्हणाली.
मी मनात हिशेब केला.
त्या वर्षी मी मांडवावर शेपटीला शेपटी बांधून
टांगलेला एखादा मासा
तीन महिने आमच्या वाऱ्यात वाळून
गेला असेल तिच्या आईच्या चुलीपर्यंत.
मला तो देश नकाशावरही नीट दाखवता येत नव्हता.
आम्ही फक्त गठ्ठे मोजायचो.

तळघरातून पातेलं आणलं.
तिनं मिरची आणली, मी बंदरावरून काळीज,
ताजं, फिकट, हातातून निसटणारं.
मंद आचेवर ते तेल सोडू लागलं,
आणि खिडकीबाहेर दुपारी दोनला काळोख.
माझ्या काळजात तार, पातेल्यात काळीज.
कुणाचं कुणाला लागू पडेल, सांगता येत नाही.
पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं.
मिरचीमुळं, असं मी तिला सांगितलं.

आता ज्याचं पातेलं चढेल
त्यानं हीटरच्या पाइपावर चमचा वाजवायचा, दोनदा.

परवा रक्त तपासायचंय.
काय निघेल ते निघेल.
आज शनिवार, आत्ताच पाइप वाजला.
या आठवड्यातली ही पाचवी वेळ.
बाईंना सांगणार नाही.